नवं पिल्लू कधी आणावं? आधी घरातल्या गोचिडांचं बघा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका ताईंचा ११ वर्षांचा लॅब्रॅडॉर, ब्रूनो, श्रावणात गेला. निदान गोचीड तापाचं. त्याला आता तीन आठवडे झालेत. घरात ताई, त्यांचे यजमान, दहावीतली मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. मुलाला लगेच पिल्लू हवंय. यजमान विषयच काढू देत नाहीत. सासूबाई म्हणतात, "नको गं बाई, पुन्हा तो जीव लावून घेणं नको." ओळखीतल्या एकाकडे अगदी ब्रूनोच्या रंगाची पिल्लं आहेत, ३५ दिवसांची. "गणपतीच्या आत न्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे," असा त्याचा निरोप आहे. ५००० रुपये आगाऊ देऊन झालेत. ताई विचारतात, आणू का? की थांबावं, आणि थांबायचं तर किती?

ताई, हे पिल्लू आणू नका. ५००० गेले तर जाऊ द्यात.

गेली २७ वर्षं मी ठाण्यात कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवते, आणि "किती दिवस थांबावं" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. लोकांना आकडा हवा असतो. कुणी सांगतं तीन महिने, कुणी सांगतं वर्षश्राद्ध होऊ द्या. मी १३ व्या दिवशी पिल्लू आणून छान झालेलं घर पाहिलंय आणि दोन वर्षं थांबूनही फसलेलं घर पाहिलंय. त्यामुळे दुःखाचं कॅलेंडर मी सांगत नाही. आधीचा कुत्रा कशाने गेला, हे मात्र प्रत्येकाला विचारते. तुमच्या बाबतीत बरंचसं उत्तर तिथेच आहे.

ब्रूनो गेला, पण ब्रूनोला चावलेले गोचीड तुमच्या घरातच आहेत. कुत्र्यावर आढळणारा तपकिरी गोचीड हा माळावरचा किडा नाही, तो घरात राहणारा किडा आहे. अंड्यातून बाहेर आल्यापासून मोठा होईपर्यंत तो तीनदा रक्त पितो, तिन्ही वेळा शक्यतो कुत्र्याचंच, आणि दर वेळी पिऊन झालं की खाली पडतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली, करड्या हरभऱ्यासारखी दिसणारी मादी भिंत चढून वर जाते आणि फटीत हजारांनी अंडी घालते. म्हणून जमीन कितीही पुसली तरी गोचीड संपत नाहीत. दाराच्या चौकटीमागे, स्विचबोर्डच्या कडेला, सोफ्याच्या शिवणीत, पडद्याच्या वरच्या दुमडीत, छताच्या कोपऱ्यात रात्री टॉर्च मारून बघा. हवामान उबदार असलं की दोन-अडीच महिन्यांत नवी पिढी तयार होते, आणि मोठा झालेला गोचीड काही न खाता कित्येक महिने, कधी वर्षभरही, दबा धरून बसू शकतो. घरात कुत्रा नाही म्हणून ते मेले असतील, असं धरू नका.

यात एक बारकावा आहे. ज्या जंतूमुळे हा ताप येतो त्या एर्लिकियाचं संक्रमण गोचिडाच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाही. म्हणजे नुकतं फुटलेलं पिल्लू-गोचीड त्या बाबतीत कोरं असतं. पण ज्याने लहानपणी आजारी ब्रूनोचं रक्त प्यायलंय, तो कात टाकून मोठा झाला तरी जंतू त्याच्या पोटात असतो, आणि त्याचं पुढचं जेवण म्हणजे तुमचं नवं पिल्लू. बबेसिया हा गोचिडांमुळेच होणारा दुसरा आजार तर अंड्यांतूनही उतरतो. ब्रूनोच्या रक्ताच्या तपासणीत नक्की काय निघालं होतं ते रिपोर्टवर बघा. आमच्याकडे लोक सगळ्यालाच 'टिक फीव्हर' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही डॉक्टरही घाईत तेवढंच लिहितो.

तेव्हा पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि 'झुरळांचं' नको, 'गोचिडांचं' हवं, असं स्पष्ट सांगा. ओट्याखाली जेल लावून जाणाऱ्याचा इथे उपयोग नाही. भिंतींच्या फटी, चौकटी, गॅलरी, जिन्याखालची जागा, गाडीची मागची सीट, सगळीकडे फवारणी लागते. अंड्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसरी फवारणी हवीच, आणि जमलं तर तिसरीही. शेजारची मांजर तुमच्या गॅलरीत येत असेल तर फवारणीवाल्याला आधी सांगा, कारण परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांना मारक असतं. फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवून घ्या. ब्रूनोची गादी जाळून टाका. भांडं, साखळी, ब्रश उकळत्या पाण्यातून काढून ठेवायला हरकत नाही. दिसलेला गोचीड बोटांनी चिरडू नका, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका.

पिल्लाला काय लावायचं, ते ओघात सांगून ठेवते. गोचिडांवरच्या चघळायच्या गोळ्या साधारण ८ आठवड्यांनंतर आणि वजन किमान दोन किलोच्या आसपास झाल्यावरच देतात, तेही वजन करून. आंघोळीच्या पाण्यात घालायचं अमिट्राझ चार महिन्यांखालच्या पिल्लाला अजिबात नको. ब्रूनोचं उरलेलं औषध कपाटात असेलच. ते मोठ्या कुत्र्याच्या वजनाचं आहे. टाकून द्या.

ज्यांचा कुत्रा दुसऱ्या कशाने गेला, त्यांच्यासाठी हिशेब वेगळा. पार्वोने, म्हणजे उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांच्या आजाराने गेला असेल तर त्याचा विषाणू सावलीच्या, ओलसर जागेत कित्येक महिने, वर्षभरही टिकतो, आणि फिनाईलला दाद देत नाही. त्याला ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून. तरीही अशा घरात लसीकरण पूर्ण झालेलाच कुत्रा आणावा, कोवळं पिल्लू नको. डिस्टेंपरचा विषाणू उलट फार नाजूक, घराबाहेरच्या ऊनवाऱ्यात लवकर मरतो. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप असेल तर कुत्र्यापेक्षा उंदरांचा बंदोबस्त आधी, आणि तो आजार माणसांनाही होतो म्हणून घरातल्या कुणाला ताप आला तर डॉक्टरांना हे सांगायला हवं. म्हातारपणाने, किडनीने किंवा कॅन्सरने गेला असेल तर घर साफ करायची काही गरज नाही.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट. तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात, पण मी तिथे थांबले. मुलाने बाबांना विचारलं, "तुम्ही लवकर नेलं असतं तर ब्रूनो वाचला असता ना?" आणि तेव्हापासून यजमान घरात फारसं बोलत नाहीत.

ते पिल्लाला का नाही म्हणतात, हे मला वाटतं इथेच आहे. त्यांना पिल्लू नको असं नाही, त्यांना पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं नाही. आणि ही गोष्ट पिल्लाने सुटणार नाही. उलट पिल्लाला पहिल्यांदा ढाळ लागली की घरात सगळ्यांची नजर त्यांच्याकडे वळेल.

म्हणून एर्लिकिया कसा वागतो ते दोघांनाही समजावून सांगा. गोचीड चावल्यावर एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, कुत्रा दोन-चार दिवस सुस्त राहतो, जेवण टाकतो. बऱ्याचदा हे आपोआप बरं वाटतं आणि लोक "उन्हाळ्यामुळे असेल" म्हणून सोडून देतात. मग आजार लपतो. महिनोन्‌महिने, काही कुत्र्यांत वर्षानुवर्षं. या काळात कुत्रा खातो, खेळतो, शेपूट हलवतो, वजनही टिकून असतं. फक्त रक्त तपासलं तर प्लेटलेट कमी दिसतात, आणि धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याचं रक्त कोण तपासतं? काही कुत्रे या अवस्थेतून स्वतःच बरे होतात. काहींत मात्र शेवटचा टप्पा येतो: हाडांमधला मगज रक्त बनवणं थांबवतो, नाकातून रक्त येतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. तेव्हा आणलेल्या कुत्र्याला डॉक्सीसायक्लिन देऊन, रक्त चढवूनही आम्ही दरवेळी वाचवू शकत नाही. त्या आठवड्यात यजमानांनी दोन दिवस आधी आणलं असतं तर? बहुधा तेच झालं असतं. लपलेल्या महिन्यांत घरच्या माणसाला दिसण्यासारखं काहीही नव्हतं.

हे तुम्ही सांगून भागणार नाही. ब्रूनोच्या डॉक्टरांची वेळ घ्या, यजमान आणि मुलगा दोघांना घेऊन जा, आणि मुलाला त्याचा प्रश्न त्याच शब्दांत डॉक्टरांना विचारू द्या. आमच्या दवाखान्यात मी अशी वेळ मुद्दाम दुपारी ठेवते, गर्दी नसताना. पाच-दहा मिनिटं लागतात. नऊ वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे परत न येणं हे कळतं, त्यामुळे 'देवाघरी गेला' याच्या पुढचं खरं त्याला झेपतं. त्याहून लहान मुलांना मात्र 'झोपवलं' हा शब्द वापरू नका. मी एका पाच वर्षांच्या मुलीला रात्री झोपायला घाबरताना पाहिलंय, कारण तिच्या कुत्र्याला 'डॉक्टरकाकूंनी झोपवलं' होतं. ती डॉक्टरकाकू मीच.

आणि कुणी म्हणालं असेल "एका कुत्र्यासाठी एवढं काय", तर त्यांना साताऱ्याजवळ संगम माहुलीला घेऊन जा. तिथे कृष्णा-वेण्णेच्या काठी राजघराण्याच्या समाध्यांमध्ये थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. छत्रपतींना जे करावंसं वाटलं ते तुमच्या यजमानांना वाटलं तर त्यात लाज कसली?

आता त्या ३५ दिवसांच्या पिल्लाकडे येऊ. २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदास व विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. ओळखीतला असला म्हणून नियम बदलत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझी हरकत वेगळी आहे. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकत असतं की दात किती जोरात लावायचा. जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ थांबतो, आई गुरगुरते. हा धडा न घेतलेलं पिल्लू मग तुमच्या मुलाच्या पोटरीवर तो धडा गिरवतं, आणि तीन महिन्यांनी लोक माझ्याकडे येऊन विचारतात, "हा चावरा आहे का हो?"

शिवाय आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण या सुमारास उतरणीला लागलेलं असतं. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत देत राहावी लागते, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती नेमकी कोणत्या दिवशी संपते ते पिल्लागणिक वेगळं असतं. ती असेपर्यंत लस लागू पडत नाही आणि ती गेली की पिल्लू उघडं पडतं. पार्वोचा विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस लागतात. म्हणून दर गणपती-दिवाळीला माझ्या दवाखान्यात तेच दृश्य असतं: "डॉक्टर, चार दिवसांपूर्वीच आणलं, घरी आणलं तेव्हा मस्त होतं." ते मस्त नव्हतं हो. ते आजार घेऊनच आलं होतं. एक कुत्रा जाऊन महिना झाला नाही तोवर मुलासमोर दुसरं पिल्लू सलाईनवर, हे मी तुमच्या घरावर येऊ देणार नाही, जेवढं माझ्या हातात आहे तेवढं.

'अगदी ब्रूनोच्या रंगाचं' हे शब्दही मला खटकले. ताई, तुम्हाला पिल्लू हवंय की ब्रूनो हवाय?

माझीच चूक सांगते. माझी चिमणी नावाची गावठी कुत्री १४ वर्षांची होऊन गेली. आठव्या दिवशी कुणीतरी दवाखान्याच्या दाराशी खोक्यात पिल्लं सोडली, त्यातलं एक चिमणीसारखं पांढऱ्या पायांचं होतं. मी घरी घेऊन गेले. दोन महिने मी तिला चिमणीच म्हणत होते, आणि दिवसातून दहा वेळा चिडत होते: चिमणी अशी दार खरवडायची नाही, चिमणी अशी भाजीच्या पिशवीत तोंड घालायची नाही. शेवटी आई म्हणाली, "अगं, चिमणीने तुझी डिग्रीची फाईल खाल्ली होती, विसरलीस?" खरंच विसरले होते. मी दोन महिन्यांच्या पिल्लाची तुलना चौदा वर्षांच्या म्हातारीशी करत होते. त्या दिवशी तिचं नाव सखू ठेवलं आणि आमचं जमलं.

सगळ्या घरांत हेच होतं. जाताना कुत्रा आपल्याला त्याची शेवटची वर्षं देऊन जातो: शांत, शहाणा, आपल्या चपलांचा आवाज ओळखणारा. त्याचं पहिलं वर्ष कुणालाच आठवत नाही. म्हणून एक काम करा. ब्रूनोचं लसीकरणाचं जुनं पुस्तक आणि मोबाईलमधले अकरा वर्षांपूर्वीचे फोटो काढा, आणि सगळे मिळून त्याच्या पहिल्या वर्षाची यादी करा. काय काय फाडलं, किती दिवस घरात शू केली, कोण रात्री उठायचं, सोसायटीत कुणाशी भांडण झालं. लॅब्रॅडॉर आहे म्हणजे किमान एक चार्जर आणि एक मोजा पोटात गेलाच असणार. ही यादी करताना घरात हसू आलं, तर पिल्लाचा विचार पुढे न्यायला हरकत नाही. यादी करताच येईना, कुणी उठून गेलं, तर थांबा.

त्या यादीत आणखी एक रकाना ठेवा: तेव्हा घरात कोण होतं? तुमचं हिशेबात इथे चुकतंय असं मला वाटतं. पत्रात तुम्ही लिहिलंय, "आम्ही दोघं नोकरीला जातो, मुलं शाळेत. पिल्लू आलं तर सासूबाईंना सोबत होईल." ताई, याचा सरळ अर्थ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा पिल्लू सासूबाई सांभाळणार. ब्रूनो आला तेव्हा त्या ६१ वर्षांच्या होत्या. आता ७२. आठ आठवड्यांच्या पिल्लाला झोपून उठलं की, खाल्लं की, खेळलं की बाहेर न्यावं लागतं, दिवसातून आठ-दहा वेळा. वाकून फरशी पुसावी लागते. सहा महिन्यांचा लॅब्रॅडॉर वीसेक किलोचा होतो आणि मांजर दिसलं की साखळीला हिसका देतो. मनगट किंवा खुबा मोडून घेतलेल्या आज्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे हे मी गमतीत लिहीत नाही.

सासूबाई "जीव लावून घेणं नको" म्हणतात ते खरंच असेल. पण त्यांच्या पिढीच्या बाईला "मला झेपणार नाही" म्हणणं जड जातं, म्हणून "जीव लागतो" म्हणतात, असंही मी पाहिलंय. त्यांना एकट्या असताना विचारा. "दुपारी कोण बघेल, आई?" एवढंच विचारा आणि थांबा. त्या "मी बघेन" म्हणाल्या तरी दुपारसाठी पगारी माणूस धरूनच हिशेब करा.

आणि पुढचा हिशेबही करा. लॅब्रॅडॉर दहा-बारा वर्षं जगतो. आज आणलेलं पिल्लू म्हातारं होईल तेव्हा मुलगी २६-२७ वर्षांची, बहुधा दुसऱ्या गावी. मुलगा २१ चा, हॉस्टेलवर. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आसपास. तीस किलोचा, मागचे पाय गेलेला कुत्रा दोन जिने उचलून उतरवणारे असाल तुम्ही दोघंच. म्हणजे ज्या माणसाचं मत सगळ्यात शेवटी विचारलं जातंय, त्या यजमानांच्याच पाठीवर तो येणार. मुलाचा हट्ट खरा आहे, पण हा कुत्रा मुलाचा नसेल. नऊ वर्षांच्या मुलाचा कुत्रा हा नेहमी आईबापांचा कुत्रा असतो.

मग कधी? तुमच्या घरापुरतं सांगते. गणपतीत नाही, घरात गोचीड आहेत. दिवाळीच्या तोंडावर तर नाहीच: आठ ते दहा आठवड्यांच्या वयात पिल्लू ज्याला घाबरतं त्याची भीती आयुष्यभर राहू शकते, आणि लवंगी माळ त्याला काय करते ते मला दर दिवाळीत बघावं लागतं. दिवाळीनंतर आणलं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये ते दात पडायच्या वयात असेल. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात जाऊन पक्के येतात आणि समोर दिसेल ते चावलं जातं. त्याच वेळी मुलीची बोर्डाची परीक्षा. तिच्याबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिली नाहीत, फक्त 'मुलगी दहावीत'. तिला काय वाटतं? ब्रूनो आला तेव्हा ती चार वर्षांची होती, तिच्या आठवणीत ब्रूनोशिवायचं घर जवळपास नाहीच. शांत आहे म्हणून तिचं बरं चाललंय असं समजू नका.

तेव्हा पिल्लूच हवं असेल तर तिची परीक्षा संपल्यावर, मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये. तोवर घरात दोन-तीन फवारण्या होऊन काही महिने गेलेले असतील, आणि मुलांना सुट्टी लागेल. फक्त सुट्टीभर पिल्लाला चोवीस तास मांडीवर ठेवू नका. रोज तासभर, मग दोन तास एकटं राहायची सवय मे महिन्यातच लावा, नाहीतर जूनमध्ये शाळा सुरू झाली की ते दिवसभर रडेल आणि सोसायटीकडून चिठ्ठी येईल. (सोसायटीला ठराव करून कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या तशा सूचना आहेत. पण भुंकण्यावरून शेजाऱ्याशी संबंध बिघडतात ते वेगळेच.)

एवढं थांबवत नसेल तर माझा दुसरा पर्याय ऐका, आणि खरं तर तोच मला तुमच्या घरासाठी जास्त पटतो. दिवाळीचे फटाके संपल्यावर, फवारण्या झालेल्या असतील तर, दोन-तीन वर्षांचा मोठा कुत्रा आणा. संस्थेतून दत्तक घेतलेला गावठी असेल, किंवा परदेशी बदली झालेल्या कुटुंबाने सोडलेला एखादा लॅब्रॅडॉर. दात पडून झालेले, शू-शीचं वळण लागलेलं, दुपारभर सासूबाईंच्या पायाशी झोपणारा. मध्यम आकाराची गावठी कुत्री असेल तर साखळीचा हिसकाही सासूबाईंना झेपेल. गावठी कुत्र्याला नाशिकचा उन्हाळा सोसतो, आणि तिला बघून कुणाला ब्रूनो आठवणार नाही, हा तुमच्या घरात मोठाच फायदा. आणण्याआधी मात्र तिचं रक्त तपासून घ्या: प्लेटलेटसह पूर्ण गणना आणि एर्लिकिया, बबेसियाची चाचणी. लपलेला आजार कसा असतो ते तुम्हाला आता माहीत आहे. पहिले दोन-तीन आठवडे ती गप्प बसेल, कोपरा धरेल. तो तिचा खरा स्वभाव नव्हे, घाबरलेल्या पाहुण्याचा स्वभाव. एका संस्थेत जाऊन लगेच निवडून आणू नका. तीन-चार वेळा जा, सासूबाईंनाही एकदा न्या, त्या नको म्हणाल्या तरी न्या. गाडीत बसून राहिल्या तरी चालेल.

रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर, मग वर्षाने, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. पण त्याआधी पिल्लाने ओरबाडलं, दात लागला, तर 'पिल्लूच तर आहे' म्हणून सोडायचं नाही. पिल्लांनाही रेबीज होतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. जंताचं औषध पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला लागतं, कारण गोल जंत आईच्या पोटातच पिल्लात शिरलेले असतात. घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे, हात धुतल्याशिवाय खाऊ नाही, एवढा नियम पुरे.

मुलासाठी मधल्या काळात काय, असं विचाराल. तो ब्रूनोचा पट्टा उशाशी घेऊन झोपतो असं तुम्ही लिहिलंय. झोपू द्या. फक्त आधी एकदा गरम पाण्यातून काढा, पट्ट्याच्या बकलात गोचीड लपतात. शनिवार-रविवार यजमानांबरोबर त्याला एखाद्या संस्थेतल्या कुत्र्यांना फिरवायला पाठवा. त्या दोघांनाच. तुम्ही जाऊ नका. आणि घरात कोणताही कुत्रा आला तरी त्याचं नाव ब्रूनो नको, 'छोटा ब्रूनो' तर अजिबात नको. नाव मुलाला ठेवू द्या, पण कुत्रा घरात येऊन आठवडा झाल्यावर. आमची सखू दोन महिने चुकीच्या नावावर वळून बघत नव्हती, आणि मला वाटायचं तिचे कान खराब आहेत.

सगळं करूनही यजमान नाहीच म्हणाले तर? तर कुत्रा आणू नका. घरातल्या एका मोठ्या माणसाचा नकार असताना आणलेले कुत्रे वर्षभरात कुठे जातात ते मला माहीत आहे, कारण "कुणी घेणारं असेल तर सांगा" हा फोन मलाच येतो.

पिल्लूवाल्याला आजच फोन करून नाही म्हणून सांगा, म्हणजे ते पिल्लू दोन-तीन आठवडे तरी आईजवळ राहील अशी निदान आशा. आणि ते ५००० परत मागून बघा. मिळाले तर पहिली फवारणी त्यातच निघेल.